ब्राउझरमध्ये रँडम आकडे हवेत पण दर वेळी तेच हवेत, तर काय करायचं

मी एक छोटा भूलभुलैयाचा गेम बनवला होता, पान उघडलं की नवीन भूलभुलैया तयार. एकाने स्क्रीनशॉट पाठवला की बाहेर पडायला रस्ताच नाहीये. चित्रात बघितलं तर खरंच नव्हता, दार चारी बाजूंनी बंद. आता बग शोधायचा म्हणजे तोच भूलभुलैया परत माझ्या स्क्रीनवर यायला हवा, आणि तो काही येईना, कारण सगळं मॅथ डॉट रँडमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार रँडम फंक्शनवर चाललेलं. दोन संध्याकाळी नुसतं रिफ्रेश करत बसलो होतो. तेव्हापासून एक नियम पाळतो, जी गोष्ट परत बघावीशी वाटेल तिच्यात मॅथ डॉट रँडम वापरायचंच नाही.

मुळात अडचण काय आहे ते आधी. मॅथ डॉट रँडमला सीड देता येत नाही. सीड म्हणजे सुरुवातीचा आकडा, ज्याच्यापासून पुढची सगळी माळ निघते. बऱ्याच भाषांमध्ये सीड द्यायची सोय असते, जावास्क्रिप्टमध्ये नाही. जावास्क्रिप्टचं स्पेसिफिकेशन एवढंच म्हणतं की ० किंवा त्याहून मोठा आणि १ पेक्षा लहान असा आकडा मिळेल, साधारण सगळीकडे सारखा पसरलेला, आणि तो कुठल्या अल्गोरिदमने काढायचा ते ब्राउझर बनवणाऱ्यांनी ठरवावं. आणि ते ठरवतातही, क्रोमच्या व्ही८ इंजिनने २०१५ च्या शेवटी जुना अल्गोरिदम काढून एक्सऑरशिफ्ट१२८प्लस आणला आणि कोणाचाही प्रोग्रॅम त्यामुळे चुकीचा ठरला नाही, कारण आकडे तेच येतील असं वचन कधी दिलेलंच नव्हतं. ब्राउझरमध्ये सुरक्षेच्या कामासाठी क्रिप्टोचं गेट रँडम व्हॅल्यूज आहे, पण तेही सीड घेत नाही, त्याचं कामच मुळी अंदाज लागू न देणं हे आहे.

म्हणजे जनरेटर, आकडे काढून देणारं फंक्शन, आपला आपण लिहायचा. घाबरू नका, चार ओळींचं काम आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि या लेखातला मोठा भाग त्याच्यावरच आहे, कारण लोक सीड लावतात आणि तरी आकडे बदलतात आणि मग जनरेटरला दोष देत बसतात.

सगळ्यात सोपा जनरेटर आधी बघू. लेहमर नावाच्या गणितज्ञाची ही जुनी कल्पना, आणि स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये त्याचे आकडे नक्की करून दिले म्हणून पार्क मिलर म्हणतात.

स्टेट = (स्टेट * १६८०७) % २१४७४८३६४७
उत्तर = स्टेट / २१४७४८३६४७

बस एवढंच. % म्हणजे भागून उरलेली बाकी. स्टेट म्हणजे जनरेटरच्या पोटातला आकडा, सुरुवातीला तोच सीड असतो आणि प्रत्येक वेळी बदलत जातो. हे एका फंक्शनमध्ये घालायचं जे सीड घेतं आणि दुसरं एक फंक्शन परत देतं, म्हणजे क्लोजर, आणि स्टेट त्या क्लोजरच्या आत राहतो, बाहेरून कोणी हात लावू शकत नाही. (जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात बरं का, स्टेट असंच नाव खरोखर देता येतं, पण आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका, देवनागरी अंक त्याला आकडे म्हणून कळत नाहीत.)

सीड १ देऊन हातानेच करून बघा, एकदा तरी करा, कारण त्याने डोक्यात पक्कं बसतं. पहिला स्टेट १६८०७, दुसरा २८२४७५२४९, तिसरा १६२२६५००७३, चौथा ९८४९४३६५८, पाचवा ११४४१०८९३०. भागाकार केला की ०.०००००७८, ०.१३१५, ०.७५५६, ०.४५८७, ०.५३२८. फासा टाकायचा असेल तर ६ ने गुणा, फ्लोअर करा (दशांश भाग टाकून द्या), १ मिळवा, की १, १, ५, ३, ४. तुमच्या मशीनवर, माझ्या मशीनवर, दहा वर्षांनी कोणाच्याही मशीनवर हेच पाच फासे. आणि आपण बरोबर लिहिलंय का हे तपासायचं असेल तर सीड १ पासून सुरू करून दहा हजारावा स्टेट १०४३६१८०६५ यायला हवा. हा आकडा खुद्द पार्क आणि मिलर यांनीच तपासणीसाठी दिला होता, मी जनरेटर लिहिला की पहिली टेस्ट हीच लिहितो.

सीड ० देऊ नका. ० ला कशानेही गुणलं तरी ०, जनरेटर कायमचा तिथेच अडकतो. २१४७४८३६४७ दिला तरी तेच होतं.

गुणक आणि मॉड्युलस (ज्याने भागून बाकी काढतो तो आकडा) वेगळे का घेऊ नयेत असं वाटेल, तर इथे एक खड्डा आहे. जावास्क्रिप्टमधले साधे आकडे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक म्हणून अचूक राहतात, म्हणजे २ चा ५३ वा घात वजा १. पार्क मिलरमधला सगळ्यात मोठा गुणाकार साधारण ३६ लाख कोटी होतो, मर्यादेच्या बराच आत. पण सी भाषेच्या जुन्या उदाहरणांतला ११०३५१५२४५ हा गुणक उचलून जावास्क्रिप्टमध्ये टाकला की गुणाकार मर्यादेच्या कितीतरी बाहेर जातो, खालचे अंक गोल होतात आणि कुठलाही एरर येत नाही. सगळ्या ब्राउझरमध्ये तेच चुकीचं उत्तर येतं, त्यामुळे लक्षातही येत नाही, फक्त सी मधल्या प्रोग्रॅमशी जुळत नाही आणि आकड्यांची प्रत घसरते. अशा वेळी मॅथ डॉट आयमुल वापरायचं, ते ३२ बिटचा गुणाकार अचूक करतं आणि २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेतच आहे.

आता पार्क मिलरची दुखरी बाजू, आणि ही मी नीट दाखवणार आहे कारण रोज नवीन कोडं देणाऱ्या गेममध्ये ही हमखास चावते. समजा रोजच्या तारखेवरून सीड काढला, वर्ष महिना दिवस एकत्र जोडून. १४ मार्च २०२६ चा सीड २०२६०३१४. पहिला आकडा येतो ०.५६४६९९. दुसऱ्या दिवशी सीड २०२६०३१५ आणि पहिला आकडा ०.५६४७०७. फरक बघा किती आहे. सीड १ ने वाढला की पहिला स्टेट फक्त १६८०७ ने सरकतो आणि दोनशे कोटींच्या पट्टीवर ते म्हणजे काहीच नाही. त्या पहिल्या आकड्यावर फासा टाकला तर १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत, अख्खं २०२६ साल, रोज पहिला फासा ४ पडणार. जनरेटर बिघडलेला नाहीये, माळ पुढे नीट जाते, पण सुरुवात शेजारी शेजारी होते. म्हणून सीड कधीच कच्चा द्यायचा नाही, आधी घुसळून घ्यायचा.

घुसळायला मी एफएनव्ही१ए नावाचा हॅश वापरतो, तो स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) घेतो आणि ३२ बिटचा आकडा देतो. सुरुवात २१६६१३६२६१ पासून, मग स्ट्रिंगमधल्या प्रत्येक अक्षराचा कोड चार कोड ॲट ने घ्यायचा, त्याच्याशी एक्सऑर (^ हे चिन्ह, बिट वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०) करायचं, आणि मग आयमुलने १६७७७६१९ ने गुणायचं, असं शेवटच्या अक्षरापर्यंत. शेवटी >>> ० लावायचं, नाहीतर ऋण आकडा हातात येतो, कारण जावास्क्रिप्टचे बिटवाले ऑपरेटर ३२ बिटचा चिन्हासकट आकडा देतात. तपासायला, रिकाम्या स्ट्रिंगचं उत्तर २१६६१३६२६१ आणि इंग्रजी छोट्या ए या एका अक्षराचं ३८२६००२२२०. एफएनव्हीमध्ये शेवटचं अक्षर फार कमी घुसळलं जातं, त्यामुळे तारखेची स्ट्रिंग देताना मी तारखेनंतर अजून एखादा शब्द जोडतो, म्हणजे बदलणारा भाग अगदी शेवटी राहत नाही.

स्ट्रिंग सीड म्हणून चालते म्हटल्यावर लोक आपलं नाव, आवडता शब्द काहीही टाकणार आणि ते मराठीत टाकणार. इथे एक गोष्ट आहे जी इंग्रजीतल्या ट्युटोरियलमध्ये कोणी सांगत नाही. ‘ऱ्हास’ मधला ऱ एका कोडने लिहिता येतो किंवा साधा र आणि त्याच्यापुढे नुक्ता असाही, आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. हॅशला मात्र ते दोन वेगळे शब्द. एकाच शब्दाचे दोन फोनवर दोन वेगळे भूलभुलैया. हॅश करायच्या आधी स्ट्रिंगवर नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं रूप) देऊन चालवा की हे दोन एक होतात. काही कीबोर्ड र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून तेच रूप उमटवतात, ते नॉर्मलाइझने एक होत नाही, त्यासाठी तो न दिसणारा कॅरेक्टर ओळखून र हलंतच्या जागी ऱ हलंत घालावा लागतो. पुढच्या मागच्या स्पेस ट्रिम करायलाही विसरू नका.

आणि तारीख काढताना ब्राउझरच्या लोकल तारखेवर जाऊ नका. टू लोकेल डेट स्ट्रिंग प्रत्येकाच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे वेगळं लिहितं. टू आयएसओ स्ट्रिंग घ्या आणि पहिली १० अक्षरं कापा, ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची तारीख असते, जगात सगळीकडे त्या क्षणी एकच.

जनरेटर म्हणून मी स्वतः आता पार्क मिलर वापरत नाही, शिकायला तो छान आहे, पण रोजच्या कामाला मलबेरी३२ घेतो. टॉमी एटिंगरचा आहे, लहान आहे, वेगवान आहे आणि शेजारचे सीड दिले तरी सुरुवात चिकटत नाही.

अ = (अ + १८३१५६५८१३) | ०
ट = आयमुल(अ ^ (अ >>> १५), अ | १)
ट = ट ^ (ट + आयमुल(ट ^ (ट >>> ७), ट | ६१))
उत्तर = ((ट ^ (ट >>> १४)) >>> ०) / ४२९४९६७२९६

अ म्हणजे स्टेट. पहिल्या ओळीत स्टेट फक्त एका ठरलेल्या आकड्याने पुढे जातो, बाकी सगळं घुसळणं. याची मजा अशी की स्टेट म्हणजे एकच ३२ बिटचा आकडा, गेम मधेच सेव्ह करायचा असेल तर तो एक आकडा ठेवला की झालं, उद्या तिथूनच पुढे. कंस लिहिताना काळजी घ्या, >>> आणि ^ आणि + यांच्यात कोण आधी हे सगळ्यांना पाठ नसतं, म्हणून मी वर गरजेपेक्षा जास्तच कंस घातलेत.

मर्यादा पण सांगतो. ३२ बिटचा स्टेट म्हणजे सुरुवाती फक्त ४२९४९६७२९६. १३ गोष्टींचे क्रम ६२२७०२०८०० होतात, म्हणजे नुसते १३ पत्ते पिसले तरी प्रत्येक क्रम येऊच शकत नाही, ५२ पत्त्यांची तर गोष्टच सोडा. कोडं, नकाशा, चित्र, टेस्टचा डेटा यांना याने काही बिघडत नाही. मोठं सिम्युलेशन करायचं असेल तर एसएफसी३२ किंवा झोशिरो१२८ सारखे १२८ बिट स्टेटवाले घ्या. मर्सेन ट्विस्टर पण आहे, मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा, पण त्याचा स्टेट ६२४ आकड्यांचा, ब्राउझरमधल्या छोट्या कामाला मला तो जड वाटतो. आणि पासवर्ड, टोकन, ओटीपी, पैशाची सोडत, यातलं काहीही यांपैकी कशानेही करू नका. परत तेच येणं हाच यांचा गुण आणि तिथे तोच घातक, पुरेसे आकडे बघितले की पुढचा काढता येतो. तिथे क्रिप्टोच.

एक उपाय दिसला की लांब राहा म्हणून सांगतो, सीडचा साइन काढायचा, १०००० ने गुणायचं आणि दशांश भाग घ्यायचा. एका ओळीत होतं म्हणून खूप फिरतं ते. पण मॅथ डॉट साइनचं उत्तर शेवटच्या बिटपर्यंत काय यावं हे स्पेसिफिकेशन ठरवून देत नाही, आणि १०००० ने गुणून दशांश घेतला की तोच शेवटचा किंचित फरक मोठा होऊन वर येतो. कॉस, लॉग, पॉव यांचंही तसंच. त्यामुळे बेल कर्व्हसाठी बॉक्स म्युलर वापरलं, ज्यात लॉग आणि कॉस आहेत, तर दोन ब्राउझरमध्ये शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. चित्र काढायला काही हरकत नाही, पण त्या उत्तरावर एखादा इफ अवलंबून असेल तर कधीतरी वाट फुटेल आणि पुढचं सगळं वेगळं होईल. बेरीज, गुणाकार, भागाकार, फ्लोअर, आयमुल, बिटचे ऑपरेटर, हे सगळीकडे तंतोतंत सारखे, शक्यतो यांच्यातच राहा.

मर्यादेतला पूर्णांक काढताना राउंड वापरू नका, दोन टोकांच्या आकड्यांना अर्धीच संधी मिळते. फ्लोअर घ्या.

पिसण्याबद्दल मात्र थोडं थांबून. ॲरेच्या सॉर्टला असं फंक्शन द्यायचं जे रँडम वजा ०.५ परत करतं, ही युक्ती अजूनही सगळीकडे दिसते. ती सारखी पिसत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण सीड लावल्यावर अजून एक गोष्ट होते. सॉर्ट ते फंक्शन किती वेळा आणि कुठल्या जोडीसाठी बोलावणार हे प्रत्येक इंजिनच्या सॉर्टवर असतं, क्रोमने २०१८ मध्ये सॉर्टचा अल्गोरिदम बदलला तेव्हा तर एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्यांत वेगळं येत होतं. म्हणजे सीड तोच, आकड्यांची माळ तीच आणि पत्त्यांचा क्रम वेगळा. फिशर येट्सच वापरा, शेवटच्या जागेपासून सुरू करायचं, ० पासून त्या जागेपर्यंतची एक जागा रँडम निवडायची, अदलाबदल करायची, एक जागा खाली यायचं. आकडे किती वेळा काढले जाणार हे यात आधीच ठरलेलं असतं आणि आपल्याला तेच हवंय.

इथून सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या भूलभुलैयाला सीड लागला, लिंकमध्ये सीड दिसायला लागला, मी खूश. आणि मित्राला लिंक पाठवली तर त्याच्या फोनवर पहिला भूलभुलैया सारखा पण दुसऱ्या पातळीचा वेगळा. जनरेटर दहा हजाराव्या आकड्यापर्यंत तपासला, बरोबर. हॅश बरोबर. मग प्रत्येक वेळी आकडा काढला की कोणी काढला ते कन्सोलवर छापायला लावलं आणि दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं. मागे आकाशात तारे लुकलुकत होते. प्रत्येक फ्रेमला प्रत्येक तारा त्याच जनरेटरमधून एक आकडा घेत होता. माझी स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेमची, त्याचा फोन १२० चा. पहिली पातळी संपेपर्यंत त्याच्या ताऱ्यांनी माझ्यापेक्षा दुप्पट आकडे खाल्ले होते आणि दुसरी पातळी माळेतल्या भलत्याच जागेपासून सुरू झाली. आणि खरं तर माझ्या एकट्याच्या मशीनवरही ती परत तशी आली नसती, कारण मी किती सेकंद खेळलो त्यावर ते होतं.

म्हणून सीड म्हणजे माळेची सुरुवात फक्त. आकडे कोणी, किती आणि कुठल्या क्रमाने घेतले हे जोपर्यंत सारखं नाही तोपर्यंत उत्तर सारखं नाही. यावर मी करतो ते असं, प्रत्येक कामाला वेगळा जनरेटर. मूळ सीडच्या स्ट्रिंगला कामाचं नाव जोडायचं, ‘भिंती’, ‘शत्रू’, ‘खजिना’, आणि त्याचा हॅश करून त्या कामाचा स्वतःचा जनरेटर. पातळ्या असतील तर पातळीचा नंबरही जोडायचा, म्हणजे पाचवी पातळी बघायला आधीच्या चार बनवाव्या लागत नाहीत. ताऱ्यांसारख्या नुसत्या सजावटीला मॅथ डॉट रँडमच ठेवा, तिथे ते योग्य आहे.

क्रम बिघडवणाऱ्या अजून जागा म्हणजे फेच आणि प्रॉमिस, म्हणजे नेटवरून काही मागवणं आणि ते येईल तेव्हा पुढचं काम करणं. दोन फाइल्स मागवल्या आणि जी आधी आली तिने आधी आकडे घेतले, की नेटच्या वेगावर नकाशा ठरला. आधी सगळ्या येऊ द्या, मग ठरलेल्या क्रमाने आकडे काढा. वेब वर्कर (पानाच्या मागे समांतर चालणारा कोड) वापरत असाल तर प्रत्येकाला त्याचा सीड आधीच वाटून द्या. आणि एखादी लायब्ररी आतून मॅथ डॉट रँडम बोलावत असेल तर तुमचा सीड तिच्यापर्यंत पोचतच नाही. टेस्ट चालवताना मी मॅथ डॉट रँडमच्या जागी एरर फेकणारं फंक्शन बसवतो, कोणी चोरून बोलावलं की लगेच कळतं.

सीड पहिल्यांदा कुठून आणायचा, तर लिंकमध्ये असेल तर यूआरएल सर्च पॅरॅम्सने वाचा, नसेल तर गेट रँडम व्हॅल्यूजने एक ३२ बिटचा आकडा घ्या आणि लगेच हिस्ट्रीच्या रिप्लेस स्टेटने लिंकमध्ये लिहून टाका. लगेच म्हणजे काही बनवायच्या आधी, कारण बनवताना पान क्रॅश झालं तर नेमका तोच सीड हवा असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात दाखवा पण, म्हणजे कोणी स्क्रीनशॉट पाठवला तरी सीड हातात येतो. त्या बंद दाराचा बग मला असाच सापडला, पुढच्या तक्रारीच्या चित्रात कोपऱ्यात सीड होता, तो टाकला आणि तोच बंद भूलभुलैया समोर उभा राहिला, दार सगळ्यात उजव्या रांगेत पडलं की मी एक भिंत कमी पाडत होतो.

सीडबरोबर लिंकमध्ये एक आवृत्तीचा नंबर पण ठेवा, १ पासून. बग दुरुस्त करताना मी आकडे घेण्याचा क्रम बदलला आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या जुन्या लिंका सगळ्या वेगळ्या भूलभुलैयांवर जायला लागल्या. आता लिंकमध्ये १ असेल तर जुनं बनवणारं फंक्शन चालतं, २ असेल तर नवीन, आणि जुनं फंक्शन मी फाइलमधून काढत नाही.